नाक खाली, पाठ वर, आणि दर चार महिन्यांनी गेलेला क्रॉस

पहिल्यांदा वाटलं, केबिनमध्ये कुठेतरी भुंगा अडकलाय. वेग पंचावन्नच्या पुढे गेला की सीटखालून घूं सुरू व्हायचं. साठ-बासष्टला ते टिपेला पोचायचं आणि सत्तरला थोडं उतरायचं. मग दोनेक महिन्यांनी रिव्हर्स टाकताना एक बारीक ‘टक्’. आणखी महिन्याभरात क्लच सोडला की टक्, सिग्नलवरून निघाली की टक्, गतिरोधकावरून उतरून पुन्हा ॲक्सिलरेटर दिला की टक्. गाडी मिस्त्रींकडे न्यायची, ते खाली वाकून शाफ्ट (गिअरबॉक्सकडून मागच्या एक्सलकडे जाणारा फिरता दांडा) हाताने हलवणार आणि म्हणणार, “मागचा क्रॉस गेलाय.” क्रॉस म्हणजे या शाफ्टच्या टोकाला असलेला, अधिक चिन्हासारखा वळता सांधा. क्रॉस बदलायचा, टकटक बंद. चार महिन्यांनी येरे माझ्या मागल्या.

सोळा महिन्यांत चार क्रॉस झाले. नवा क्रॉस टाकल्यावर टकटक जायची, पण भुंगा पूर्ण कधीच जायचा नाही, फक्त जरा मंद व्हायचा. ही गोष्ट मी दीड वर्ष ऐकून न ऐकल्यासारखी केली, आणि सगळी मेख तिथेच होती.

जुन्या पिकअपला अमेरिकन मसल कारचं, म्हणजे साठ-सत्तरच्या दशकांतल्या दांडग्या इंजिनांच्या गाड्यांचं, रूप द्यायचा घाट ज्यांनी घातलाय आणि ज्यांचा मागचा क्रॉस सारखा जातोय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. उत्तर आधीच सांगून टाकतो, दोष लांब शॅकलचा (मागची स्प्रिंग चौकटीला जोडणाऱ्या झुलत्या पट्टीचा) होता. पण तुमच्या गाडीतही तेच आहे की दुसरं काही, हे मोजल्याशिवाय कळणार नाही. मोजायचं कसं ते मला कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून हा प्रपंच.

गाडी काकांची. टाटामोबाईल २०६, १९९४ची. पुण्याजवळ मांजरी गावात त्यांची रोपवाटिका होती तेव्हा आंब्याची कलमं, शेणखत, कुंड्या, सगळं हिच्यावरून जायचं. टेल्कोने (आजची टाटा मोटर्स) ही गाडी १९८८ साली आणली आणि पुढे १९९१ साली आलेली सिएरा याच पायावर उभी राहिली. शिडीसारखी चौकट, पुढे १९४८ सीसीचं डिझेल इंजिन, मागची चाकं ढकलणारी. पुढे टॉर्शन बार (पिळले जाऊन स्प्रिंगचं काम करणारे दांडे), मागे पाटे (लीफ स्प्रिंग). मसल कारची नक्कल करायला याहून सोयीचा सांगाडा आपल्याकडे क्वचितच मिळेल, कारण लांब बॉनेट, मागची चाकं आणि पाटे ही त्या गाड्यांचीही ओळख. ताकदीचं मात्र विचारू नका. हिची हॉर्सपॉवर सत्तरच्या आत आहे.

मसल कार म्हटलं की लोक १९६४ची पॉन्टियॅक जीटीओ नाहीतर मस्टँग आठवतात. पिकअपवाल्याने पाहावी ती शेव्हरोलेची एल कॅमिनो. पुढून कार, मागून हौदा. फोर्डने अशी गाडी रँचेरो नावाने १९५७ साली आणली, तिला उत्तर म्हणून १९५९ साली एल कॅमिनो आली. १९७० साली तर तिच्यात ४५४ घन इंचांचं, म्हणजे जवळजवळ साडेसात लिटरचं इंजिन मिळायचं. असल्या गाड्यांना पुढे शौकिनांनी जो पवित्रा दिला तो आपल्या डोक्यात बसलाय. मागे रुंद आणि उंच टायर, पाठ उचललेली, नाक जमिनीकडे. उभी असतानाच झेप घेणार असं वाटतं. माझं काम पूर्ण झाल्यावर काकांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, “पाणी प्यायला वाकलेल्या बैलासारखी दिसतेय रे.” मी ती स्तुती समजलो.

रंग, बॉनेटवरचे दोन काळे पट्टे, गोल दिव्यांची जाळी, हौद्यावर घट्ट कापडी आच्छादन, यांतलं काहीच त्रासदायक ठरलं नाही, म्हणून त्यावर शाई घालवत नाही. सायलेन्सरबद्दल एकच वाक्य. डिझेलला मोठं नळकांडं लावल्याने व्ही-एट होत नाही, ट्रॅक्टर होतो.

पवित्रा आणायला मात्र मी तीन गोष्टी केल्या, आणि त्या नीट लक्षात ठेवा. एक, पुढचे टॉर्शन बार सैल करून नाक चार सेंटीमीटर खाली आणलं. दोन, मागचे टायर व्यासाने चार सेंटीमीटर मोठे घेतले, त्यामुळे पाठ दोन सेंटीमीटर वर. तीन, पाट्याच्या मागच्या टोकाला जी शॅकल असते ती भोसरीतल्या एका लेथवाल्याकडून साडेसात सेंटीमीटर जास्त लांब करून घेतली. तिने पाठ आणखी पावणेचार सेंटीमीटर उचलली. साडेसातची शॅकल आणि उंची पावणेचार, हे गणित मला तेव्हा फसवणूक वाटलं होतं. शॅकलमुळे पाट्याचं एकच टोक खाली जातं आणि एक्सल पाट्याच्या मध्यावर असतो, म्हणून उंची निम्मीच मिळते. पाट्याचं एकच टोक खाली गेलं, हे वाक्य पुढे लागणार आहे.

आता पैसे कुठे कुठे गेले ते ऐका. पहिला क्रॉस नाना पेठेतून स्वस्तातला घेतला होता. तो गेला तेव्हा सगळे म्हणाले, माल डुप्लिकेट. दुसरा चांगला घेतला, तिप्पट भावाचा. तोही गेला. मग शाफ्ट वाकलाय असं ठरलं, म्हणून तो काढून बॅलन्स करून आणला. बॅलन्सवाल्याने शाफ्ट ठणठणीत आहे असं सांगितलं, पण पैसे घेतलेच, कारण वेळ त्याचा गेला होता. तिसरा क्रॉस. चाकांचं बॅलन्सिंग दोनदा. गिअरबॉक्सचं रबरी माउंटिंग एकदा. चौथा क्रॉस. कोणाची लबाडी नव्हती. ज्याच्याकडे जे यंत्र, त्याने ते लावलं. कोन मोजायचं साधन मात्र यांतल्या एकाकडेही नव्हतं, आणि मला मागायचं सुचलं नाही.

खरं तर गाडी स्वतःच सांगत होती. दर वेळी मागचाच क्रॉस जायचा. गिअरबॉक्सच्या बाजूचा पुढचा क्रॉस पहिल्या दिवसापासून तोच होता आणि आजही तोच आहे. माल डुप्लिकेट असता किंवा ग्रीस कमी पडत असतं, तर कधीतरी पुढच्याचाही नंबर लागला असता.

दुसरी खूण काकांनी दाखवली. एका रविवारी त्यांच्यासाठी गांडूळखताची दहा-बारा पोती घेऊन सोलापूर रस्त्याने निघालो. वेग साठ, आणि भुंगा जवळजवळ गप्प. काका म्हणाले, “हिला ओझ्याची सवय आहे, रिकामी असली की कुरकुरते.” मी हसलो. पोती उतरवून परत येताना भुंगा हजर. चाक किंवा शाफ्ट असमतोल असता तर हौद्यात पोती आहेत की नाहीत याचा त्याला एवढा फरक पडला नसता.

तिसरी खूण चौथा क्रॉस उघडल्यावर दिसली. क्रॉसच्या दांड्यावरची टोपी काढली तेव्हा आत ग्रीस होतं, पण विटकरी रंगाचं, गंजाची भुकटी मिसळलेलं. कापडाने दांडा पुसला. एरवी आरशासारखा गुळगुळीत असायला हवा तिथे ओळीने बारीक खाचा होत्या, टोपीतल्या बेअरिंगच्या सुया जितक्या तितक्या, फणीच्या दात्यांसारख्या समान अंतरावर. नख फिरवलं की अडकायचं. मिस्त्री म्हणाले, “सुया फिरल्याच नाहीत, जागेवर बसून ठोकत राहिल्या.” ते वाक्य घेऊन मी घरी गेलो, आणि त्या रात्री पहिल्यांदा कोनाचा विचार केला.

आता थोडं शास्त्र, पण लागेल तेवढंच.

स्टीलची थाळी डोळ्यांसमोर सरळ धरली तर गोल दिसते, तिरकी केली की लंबगोल. क्रॉस तिरक्या कोनात फिरतो तेव्हा त्याचंही असंच होतं. गिअरबॉक्सकडून शाफ्ट एकसारख्या गतीने फिरवला जात असला तरी क्रॉसच्या पलीकडे निघणारी गती एका फेरीत दोनदा वाढते आणि दोनदा घटते. कोन जितका मोठा तितकी ही चढउतार जास्त. यावर तोड म्हणून दुसऱ्या टोकाला दुसरा क्रॉस असतो. दोन्ही क्रॉसचा कोन सारखा असला आणि शाफ्टचे दोन्ही काटे (क्रॉस धरणारी दुबेळकी टोकं) एका रेषेत असले, तर पहिल्याने केलेली गडबड दुसरा निस्तरतो आणि डिफरन्शियलमध्ये (मागच्या एक्सलवरच्या, चाकांना गती वाटून देणाऱ्या गोळ्यात) एकसारखी गती पोचते. कोन सारखे नसले तर उरलेली गडबड शाफ्ट, पाटे आणि तुमची सीट वाटून घेतात.

माझ्या भुंग्याचा हिशोब मी नंतर केला. साठच्या वेगाने गाडी मिनिटाला एक किलोमीटर जाते. मागच्या टायरचा घेर दोन मीटर दहा सेंटीमीटर, म्हणजे चाकाचे मिनिटाला पावणेपाचशे फेरे. डिफरन्शियलचं प्रमाण ढोबळ चार धरलं तर शाफ्टचे एकोणीसशे, सेकंदाला बत्तीस. क्रॉसची गडबड फेरीत दोनदा, म्हणजे सेकंदाला चौसष्टच्या आसपास. मोबाईलवर कंपनं मोजणारी ॲप फुकट मिळतात. फोन सीटच्या लोखंडी पायावर दाबून धरायचा (तुम्ही नाही, शेजारी बसलेल्याने). आकडा आठच्या आसपास आला तर चाक बघा. तिसाच्या घरात आला तर शाफ्टचा समतोल. साठीच्या घरात आला तर कोन. माझा बासष्ट-त्रेसष्ट यायचा. हे आधी केलं असतं तर बॅलन्सिंगचे सगळे पैसे वाचले असते.

ॲप नसेल तर आणखी एक जुनी परीक्षा आहे. साठच्या वेगात चौथ्या गिअरमध्ये आवाज ऐका, मग पाचव्यात टाकून त्याच वेगाला ऐका. इंजिनचा आवाज बदलेल. भुंगा तसाच राहिला तर तो गिअरबॉक्सच्या मागचा आहे. मग ॲक्सिलरेटर सोडा. ओढताना एक सूर आणि सोडल्यावर दुसरा, असं झालं तर पिनियनच्या (शाफ्टकडून गती घेणाऱ्या डिफरन्शियलच्या दांड्याच्या) कोनावर संशय घ्या, कारण जोर लागला की पाटे पिळवटतात आणि पिनियनचं नाक वर उचललं जातं. हे सगळं पहाटे मोकळ्या, सपाट रस्त्यावर करा. कात्रज बोगद्यापासून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर कसलाही प्रयोग नको, तिथे साधी नेहमीची गाडी चालवणंसुद्धा जबाबदारीचं काम आहे.

मोजायला रविवार पेठेतून चुंबकाचा डिजिटल कोनमापक घेतला. सुतार आणि फॅब्रिकेशनवाले वापरतात तोच, हजाराच्या आत मिळाला. मोजमाप तीनच आहेत: गिअरबॉक्सच्या बाहेर येणाऱ्या दांड्याचा कल, शाफ्टचा कल आणि पिनियनचा कल. शाफ्टवर कोनमापक थेट नळीला चिकटवायचा, आधी चिखल खरवडून. गिअरबॉक्स आणि पिनियनच्या बाबतीत जोडाच्या गोल फ्लँजचा सपाट चेहरा उभा असतो, त्याला चिकटवून नव्वदातून वजा करायचं. गिअरबॉक्सकडे जागा मिळाली नाही तर कवचावरचा एखादा रंधून सपाट केलेला भाग शोधा. प्रत्येक माप तीनदा घ्या, कारण धुळीचा एक कण अर्धा अंश खातो.

आता ज्या चुकीमुळे चारही वेळा कोणाला काही दिसलं नाही ती सांगतो. गॅरेजमध्ये गाडी नेहमी जॅकवर असायची, एक्सल लोंबकळत. एक्सल लोंबला की शाफ्टचा कल बदलतो, आणि तेव्हा दिसणारा कोन रस्त्यावर कधीच नसतो. गाडीचं वजन चारही चाकांवर असलं पाहिजे. आमच्याकडे धायरीत एका वॉशिंग सेंटरचा रॅम्प आहे, चाकं ज्यावर उभी राहतात तसा. सोमवारी सकाळी गिऱ्हाईक नसतं तेव्हा अर्धा तास मागून घेतला. रॅम्प जरा तिरका असला तरी बिघडत नाही. आपल्याला आकड्यांमधला फरक हवाय, आकडे नव्हे.

माझे आकडे आले ते असे. मागच्या बाजूला उतार धरून, गिअरबॉक्स ०.९ अंश, शाफ्ट ५.० अंश, पिनियन ४.६ अंश. वजाबाकी करा. पुढच्या क्रॉसचा कोन ४.१ आणि मागच्याचा ०.४.

बराच वेळ मी त्या कागदाकडे बघत बसलो. माझी समजूत अशी की क्रॉस जातो तो कोन जास्त झाल्यामुळे. इथे जाणाऱ्या क्रॉसचा कोन जवळजवळ शून्य होता आणि चार अंशांत फिरणारा पुढचा क्रॉस मजेत होता. मग खाचा आठवल्या. सुईला फिरायला थोडा तरी कोन लागतो, अर्धा-एक अंश तरी. शून्याच्या जवळ सुई जागच्या जागी डुलते, ग्रीस तिच्याखालून बाजूला सरकतं आणि परत येत नाही, आणि वरून पुढच्या क्रॉसची न निस्तरलेली गडबड सेकंदाला साठ वेळा त्याच जागेवर ठोकत राहते.

ही विषमता आली कुठून, तर पाट्याचं एकच टोक खाली गेलं त्यातून. पाटा मागे कलला, त्याच्यावर बसलेला एक्सल त्याच्यासोबत फिरला आणि पिनियनचं नाक साडेतीन अंशांनी वर आलं. पिनियन शाफ्टच्या रेषेत आला, गिअरबॉक्स होता तिथेच राहिला. टायर आणि टॉर्शन बार मात्र निर्दोष आहेत. त्यांनी अख्खी गाडी एका अंगाला झुकते, इंजिन, शाफ्ट, पिनियन सगळे एकत्र, आपापसातला कोन तोच राहतो. मसल कारचा पवित्रा आणायचे तीन मार्ग, त्यांतला एकच शाफ्टच्या मुळावर येतो, आणि मी नेमका त्याच्यावर सगळ्यात जास्त भर दिला.

काकांच्या पोत्यांचंही कोडं सुटलं. वजनाने एक्सल वर येतो, शाफ्टचा उतार कमी होतो, पुढचा कोन घटतो. दोन्ही कोनांतला फरक जातो असं नाही, पण पुढच्या मोठ्या कोनाचीच चढउतार लहान झाली की भुंगा दबतो.

उपायाकडे येतो. पहिला प्रयोग पाचरीचा. पाटा आणि एक्सलच्या बैठकीमध्ये एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ अशी लोखंडी पाचर घालायची. माझ्या गाडीत पाटे एक्सलच्या वर आहेत, तेव्हा नाक खाली आणायचं तर जाड बाजू पुढे. पाटे एक्सलखाली असतील तर नेमकं उलटं. मला हे पाठ होतं, तरी पहिली पाचर मी उलटी घातली. यू-बोल्ट कसायच्या आधी सवयीने कोनमापक लावला, आणि चारवरून शून्याकडे जायच्या ऐवजी पिनियनचा आकडा आठच्या पुढे. पुन्हा सगळं उघडलं. तुम्ही पाचर घालणार असाल तर पोलादीच घ्या, रुंदी पाट्याएवढी पूर्ण, आणि पाट्यांचा मधला बोल्ट त्या जाडीइतका लांब घ्यायला विसरू नका, नाहीतर त्याचं डोकं बैठकीच्या भोकात पुरेसं उतरत नाही आणि एक्सल सरकू शकतो. यू-बोल्ट जुने परत वापरायचे नाहीत. पाचशे किलोमीटरनंतर ते पुन्हा कसा. आणि गाडीखाली जायचं तर जॅकवर भरवसा नको, स्टँड लावा, पुढच्या चाकांना ठोकळे लावा.

चार अंशांच्या पाचरीने भुंगा गेला. दोन्ही क्रॉसचे कोन सारखे झाले, पण दोन्ही पाच अंशांच्या आसपास, कारण पिनियनचं नाक खाली गेल्याने शाफ्टचा उतारही वाढला. रोजच्या गाडीला तीनच्या आत असलेले बरे. पाचावर क्रॉस चालतो, पण त्याचं आयुष्य आणि तुमचं ग्रीसचं वेळापत्रक दोन्ही आखडतात. त्याहून मोठी गोष्ट कात्रजच्या जुन्या घाटात कळली. वळणावर गाडीची पाठ क्षणभर बाहेर सरकायची, मग मागून येऊन मिळायची. लांब शॅकल म्हणजे लांब लोलक, तो बाजूलाही तेवढाच झुलतो. भुंग्याच्या गडबडीत मी हे झुलणं टायरच्या नावावर खपवलं होतं.

म्हणून शेवटी शॅकल काढल्या. कंपनीच्या मूळ मापाच्या परत बसवल्या, पाचरी काढल्या, आणि पाटे उतरवून त्यांना पुन्हा बाक देऊन घेतला. तीस वर्षं खत वाहून पाटे सपाट झालेच होते. बाक दिल्याने दोन्ही टोकं सारखी खाली जातात, एक्सल कलत नाही, आणि पाठ अडीच सेंटीमीटर वर आली ती अशी सरळ मार्गाने. पुढचं नाकही दीड सेंटीमीटर परत उचललं, त्याचं कारण खाली येतंय. शॅकलच्या बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी करूनच कसले, लोंबकळत असताना कसले तर रबर कायमचं पिळलेलं राहतं. पुन्हा वॉशिंग सेंटर, पुन्हा रॅम्प. गिअरबॉक्स १.५, शाफ्ट ५.१, पिनियन १.३. पुढे ३.६, मागे ३.८. तीनच्या आत आणायचं तर पाठ आणखी खाली घ्यावी लागेल, तेवढा मोह मला सुटत नाही.

ज्यांचा शाफ्ट दोन तुकड्यांचा आहे, मधे बेअरिंग आहे, त्यांना एक माप जास्त घ्यावं लागेल आणि आधी त्या मधल्या बेअरिंगचं रबर तपासावं लागेल. आणि शाफ्ट कधीही काढलात तर सरकत्या तुकड्यावर आधी खडूने खूण करा. दात्यांमध्ये दोन-चार घर सरकून बसला तर दोन्ही काटे एका रेषेत राहत नाहीत, आणि मग कोन कितीही अचूक असला तरी भुंगा येणारच.

नाक का उचललं ते. गाडी पुढे झुकली की पुढच्या चाकांचा कॅस्टर (चाक ज्या अक्षाभोवती वळतं त्याचा मागे कललेला कोन) कमी होतो. स्टिअरिंग हलकं लागतं, पहिले चार दिवस बरं वाटतं, मग महामार्गावर लक्षात येतं की गाडी सरळ रेषेत राहायला सारखी मदत मागतेय आणि वळणानंतर चाक आपण होऊन परत येत नाही. शिवाय हेडलाइटचा उजेड दहा पावलांवरच पडायला लागतो. नाक खाली केलं की अलाइनमेंट आणि दिव्यांची दिशा त्याच दिवशी करून घ्या.

कायद्याचंही सांगून ठेवतो, कारण शॅकल लांब करताना मी हे वाचलं नव्हतं. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ प्रमाणे उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये तेच ठासून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्हीही आहे. रंग बदलला तर तो आरसीवर नोंदवून घ्यायचा. माझा संगम पुलाजवळच्या आरटीओत रीतसर नोंदवलेला आहे. लांब शॅकल काढल्यावर या बाबतीतही झोप सुधारली, हे कबूल करतो.

पाचवा क्रॉस घालून आता चौदा महिने झाले. परवा ग्रीस मारायला खाली गेलो तेव्हा शाफ्ट दोन्ही हातांनी धरून पिळून पाहिला, कुठेही ढिलाई नाही, आणि टोपीच्या कडेने बाहेर आलेलं ग्रीस अजून मधासारखं आहे, विटकरी झालेलं नाही. चौथ्या क्रॉसचा खाचा पडलेला दांडा टेबलावर कागद दाबायला ठेवलाय. काकांना विचारलं, आता कशी दिसते? म्हणाले, बैलाचं पाणी पिऊन झालंय, मान वर केलीय त्याने.